सोसायटीचे दुकान पुन्हा चालते करायचे, तर

गोव्यात गावाच्या मालकीचे दुकान म्हणजे सोसायटी. पाटीवर नाव लांबलचक, ‘अमुक विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था मर्यादित’. पण पेडण्यापासून काणकोणपर्यंत तिला सगळे सोसायटीच म्हणतात. एका बाजूला ठेवी-कर्जाचे टेबल, दुसऱ्या बाजूला दुकानाचे काउंटर, मागे रेशनच्या तांदळाची पोती. मालक गावातलेच तीन-चारशे भागधारक. त्यांतले बरेचजण महिन्याचा बाजार म्हापशाहून, फोंड्याहून नाहीतर मडगावहून आणतात आणि वार्षिक सभेत उठून विचारतात, “आपले दुकान तोट्यात का?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र नेहमी मोठ्या सुपरमार्केटांवर ढकलले जाते. या दुकानांचा पाया रेशनवर होता. साखर, तांदूळ, रॉकेल न्यायला माणूस येणारच आणि आला की साबण, चहा पावडर, काडेपेटी घेऊन जाणारच, या भरवशावर ती चालली. रॉकेल गेले. २०२० पासून रेशन कार्ड कुठेही चालू लागले आणि गिऱ्हाईक आपल्याच सोसायटीला बांधलेले राहिले नाही. १ जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखालचे धान्य फुकट झाले, म्हणजे त्या रांगेतून गल्ल्यात पडणारी रोकडही थांबली. सत्तरी, डिचोली, सांगे भागात त्याआधीच २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या. ट्रकवाल्यांची उधारी त्या काळात जी चढली, ती काही वह्यांत अजून तशीच पडून आहे.

तरीही माझे म्हणणे असे की, सोसायटीचे दुकान स्पर्धेने मरते त्यापेक्षा जास्त अडकलेल्या पैशाने मरते. फडताळावर न खपणारा माल, वहीत न येणारी उधारी आणि दुकानाचा तोटा झाकणारा कर्ज विभागाचा नफा. या तीन गाठी सोडवल्याशिवाय नवा रंग, नवी पाटी, एसी यांवर पैसा घालू नये. पुढची कामे ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करावीत.

दुकानाचा हिशेब वेगळा काढा

बहुतेक ठिकाणी ताळेबंद एकच असतो. कर्जावरचे व्याज आणि दुकानाची विक्री एकाच नफा-तोटा पत्रकात बसते, आणि संस्था नफ्यात दिसली की दुकानाकडे कोणी पाहत नाही. दुकानाचे मासिक पत्रक वेगळे करा. सेक्रेटरीचा अर्धा वेळ दुकानात जात असेल तर त्याचा अर्धा पगार दुकानावर टाका. जागा स्वतःची असली तरी भाडे किती आले असते ते बाजूला लिहून ठेवा. ते शेवटी लागेल.

मग माल मोजा. ३१ मार्चची मोजणी ऑडिटसाठी असते, ही आपल्या डोळ्यांसाठी. एक रविवार दुकान बंद ठेवून दोन संचालकांनी मोजायचे, तिसऱ्याने लिहायचे. सेल्समनने जवळ उभे राहायचे, पण आकडा त्याने सांगायचा नाही. किंमत खरेदीची धरायची, छापील नाही. महिन्याने पुन्हा मोजा. सुरुवातीचा माल अधिक महिन्याची खरेदी, त्यातून शेवटचा माल वजा केला की विकलेल्या मालाची खरेदी किंमत कळते. ती विक्रीतून वजा केली की खरे मार्जिन.

मानू या, महिन्याची विक्री ४ लाख आहे आणि मार्जिन सरासरी ९ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये. खर्च असा: सेल्समन आणि मदतनीस मिळून ३०,०००, वीज ५,०००, दुकानासाठी उचललेल्या कर्जाचे व्याज ५,०००, वाहतूक-हमाली ३,०००, किरकोळ ३,०००. एकूण ४६,०००. दर महिन्याला १०,००० चा खड्डा. केवळ विक्री वाढवून तो भरायचा तर विक्री ५ लाख ११ हजारांवर न्यावी लागेल, आणि दोनशे घरांच्या गावात ते जवळजवळ अशक्य. म्हणून ‘सेल वाढवा’ हा सल्ला ऐकायला बरा, करायला निरुपयोगी. वाट दुसरीकडून काढावी लागते.

मोजणीत मार्जिन ९ ऐवजी साडेसहा टक्के निघाले तर आधी तिथेच थांबा. चार लाखांवर अडीच टक्के म्हणजे महिन्याला १०,००० रुपये घट, एक्सपायरी, चुकीचे भाव किंवा खिशात जात आहेत. एवढे सापडले तरी वर्षाचा तोटा निम्मा होऊ शकतो. संशय माणसावर घेण्याआधी काटा तपासा, सुट्या तांदळाची पोती उंदरांनी फोडली आहेत का पाहा आणि खरेदीच्या बिलावरचा दर मालावरच्या भावाशी पडताळा. भाव वाढून आलेला माल जुन्या दराने विकला जाणे हे प्रकरण वाटते त्याहून जास्त घडते.

पडून असलेला माल आधी हलवा

मोजताना प्रत्येक वस्तू कधी आली ते लिहिले तर तीन ढीग आपोआप दिसतात: महिन्यात खपणारा, तीन महिन्यांपर्यंत रेंगाळणारा आणि त्याहून जुना. तिसऱ्या ढिगात सहसा शांपूच्या मोठ्या बाटल्या, महागडी बिस्किटे, प्लास्टिकचे डबे आणि कोणा कंपनीच्या सेल्समनने ‘बारावर एक फुकट’ म्हणून गळ्यात मारलेला माल असतो. तो खरेदीच्या भावाने काढा, गरज पडली तर तोट्यानेही काढा. एक्सपायरीचा माल परत घ्यायची पद्धत प्रत्येक डिस्ट्रिब्युटरची वेगळी असते. किती दिवस आधी कळवायचे ते ऑर्डर देतानाच विचारून बिलाच्या मागे लिहून घ्या. परत घेत नसेल त्याच्याकडून नाशवंत माल पेटीने घेऊ नका, डझनाने घ्या.

वरच्या उदाहरणात दुकानात ९ लाखांचा माल पडला आहे असे धरा. महिन्याला ३ लाख ६४ हजारांचा माल खपतो, म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचा साठा. चाळीस दिवसांचा साठा पुरेसा असतो, आणि तो होतो पावणेपाच-पाच लाखांचा. मोकळे झालेले ४ लाख कर्जात भरले तर १० टक्के दराने वर्षाचे ४०,००० व्याज वाचते, महिन्याचे सुमारे ३,३००. नवे गिऱ्हाईक एकही न येता खड्ड्याचा तिसरा हिस्सा बुजला.

साबणाच्या सात जाती ठेवण्याऐवजी तीन ठेवा. पण कोणत्या तीन, हे संचालकांच्या घरी काय वापरतात त्यावर ठरवू नका. काउंटरवर एक ‘नाही’ची वही ठेवा. गिऱ्हाईकाने मागितले आणि आपल्याकडे नव्हते, ते प्रत्येक वेळी लिहायचे, तारखेसह. दोन महिन्यांनी ती वही संचालक मंडळापुढे वाचा. तिच्यात काय निघेल याचा अंदाज सहसा चुकतो. गावात भाड्याने राहणारे पिसुर्ले-होंड्याच्या, कुंडईच्या, मडकईच्या कारखान्यांतले कामगार मोहरीचे तेल आणि पाच किलोचा आटा मागून गेलेले असतात. त्यांचा पगार ठरल्या दिवशी होतो, ते रोखीने घेतात आणि भागधारक नाहीत म्हणून त्यांना कोणी विचारतही नाही.

उधारी

हा सगळ्यात नाजूक भाग. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढ्यावर आपले दुकान उघडले, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून रोखीचा नियम धरला होता. गिरणीतले गरीब कामगार ते. उधारीने त्यांना दुसऱ्या दुकानदारांच्या दावणीला बांधलेले होते. आज जगभर सहकारी दुकाने ज्या तत्त्वांचा वारसा सांगतात, त्यांतली बरीच तिथली आहेत.

आपल्याकडे एकदम रोखीवर जाणे जमत नाही, आणि जाऊही नये. म्हाताऱ्या बाईचे पेन्शन लांबले तर तिला तांदूळ नाकारणारी सोसायटी कशाला हवी? पण नियम हवा आणि तो लिहिलेला हवा. उधारी फक्त भागधारकाला. मर्यादा एका महिन्याच्या सरासरी खरेदीइतकी. मागची फेडल्याशिवाय पुढची नाही. वहीत सही गिऱ्हाईकाची, सेल्समनची नव्हे. आणि दर महिन्याच्या बैठकीत थकबाकीची यादी वाचायची, ती संचालकांच्या नावांपासून. उधारीची वही उघडली की पहिल्या पानांवर कोण असते हे गावात सर्वांना माहीत असते, आणि वसुली तिथेच अडते. चेअरमनने स्वतःची बाकी भरून पावती फाडली की पुढच्या पंधरवड्यात बाकीच्यांची पावले आपोआप वळतात.

जुनी थकबाकी हप्त्यांवर आणा. शंभर रुपयांचा हप्ता का होईना, पण तो महिना चुकता कामा नये. पाच वर्षांत एक रुपयाही न आलेल्या रकमा ताळेबंदात येणे म्हणून मिरवू नका. ऑडिटरशी बोलून त्यांची तरतूद करा आणि खरे चित्र सभेपुढे ठेवा.

उधारीला दुसरी बाजू आहे, आगाऊ जमा. दर महिन्याला भागधारकाने दुकानात ३०० रुपये भरायचे, ऑक्टोबरपासून ऑगस्टपर्यंत. अकरा महिन्यांत ३,३०० जमतात आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजाराला तेवढ्याचा माल, वर शंभर-दीडशेचा गूळ-नारळ संस्थेकडून. साठ घरे आली तरी जवळजवळ दोन लाख बिनव्याजी हातात असतात, तेही चवथीच्या खरेदीच्या तोंडावर. फक्त हे उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नियमांत, बसते का ते सहकार निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या, प्रत्येकाला पासबुक द्या आणि ही रक्कम देणे म्हणून वेगळी दाखवा. चालू खर्चाला तिला हात लावलात तर चवथीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

काय विकायचे

गिऱ्हाईक वीसेक वस्तूंचेच भाव तोंडपाठ ठेवते: साखर, तेल, उकडा तांदूळ, चहा पावडर, कांदा, अंडी, नारळ, तूरडाळ असे. दुकान महाग की स्वस्त हे तो या वीसांवरून ठरवतो. त्यांचे भाव जवळच्या शहरातल्या दुकानाच्या बरोबरीने ठेवा, मार्जिन दोन-तीन टक्के राहिले तरी चालेल. सुपरमार्केटपेक्षा स्वस्त व्हायच्या फंदात पडू नका. ते ज्या भावाने ट्रक भरून घेतात त्या भावात आपल्याला पेटीसुद्धा मिळत नाही. कमाई उरलेल्या मालावर करायची.

ती करायची जागा म्हणजे गावचाच माल. फोंड्याच्या गोवा बागायतदार संस्थेकडे पाहा. सुपारी, काजू, नारळ, मिरी घेऊन बागायतदार तिच्या दारात येतो, पैसे घेतो आणि तिच्याच बाजारातून किराणा घेऊन जातो. जिथे माणूस आपला माल विकायला जातो तिथे तो विकत घ्यायलाही थांबतो. लहान सोसायटीला सुपारीचा व्यापार झेपणार नाही, पण नारळ झेपतात. भागधारकाकडून पाडपाच्या, म्हणजे माडावरून उतरवण्याच्या, दिवशी नारळ घ्या, तीन आकारांत निवडा, मोठे देवळांना आणि हॉटेलांना, मधले काउंटरवर, लहान तेलाला. पैसे त्याच दिवशी द्या. व्यापारी पंधरा दिवस लावतो, तिथे तुमची बाजू वरचढ आहे.

मग भिंडाची (कोकमाची) सोले आणि आगळ, तिरफळ, हळद, उडीद-कुळीथ, खारे आंबे, पापड, घरगुती मसाला, माडाचा गूळ, मिठागरातले जाडे मीठ. परसातली भाजी. काणकोणच्या खोल्याची मिरची आणि पेडण्यातल्या हरमलची मिरची यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यांना शहरात दुप्पट भाव देणारी माणसे आहेत. पण माल थोडा असतो. संपला की संपला म्हणा. ब्याडगी मिसळून खोल्याची म्हणून विकणाऱ्यांची बाजारात कमी नाही, सोसायटीने त्या रांगेत उभे राहू नये. पाकिटावर वाड्याचे नाव लिहा. ‘पैलावाड्यावरची सोले’ हे वाचून त्या वाड्यावरची माणसे आपलीच सोले दुसऱ्याला दाखवायला दुकानात येतात, हे मी पाहिले आहे.

हिशेब पुन्हा तोच. चार लाखांपैकी ८०,००० ची विक्री अशा मालाकडे वळली आणि त्यावर १८ टक्के सुटले, तर १४,४०० झाले; उरलेल्या ३ लाख २० हजारांवर ९ टक्क्यांनी २८,८००. बेरीज ४३,२००. पहिल्यापेक्षा ७,२०० जास्त. व्याजातले ३,३०० मिळवा, साडेदहा हजार. खड्डा भरला, आणि विक्री एक रुपयानेही वाढलेली नाही.

१८ टक्के म्हणजे लूट नव्हे. सुट्या मालात घट असते, निवडायला वेळ जातो, पाकिटाचा खर्च आहे. मात्र भागधारक बाईला सोलांचे किती दिले आणि काउंटरवर किती लावले, दोन्ही आकडे फळ्यावर असू द्या. दडवले की कुजबुज सुरू होते.

भाजीचे वेगळे. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दराने भाजी मिळते. तिच्याशी भावात भिडण्यात अर्थ नाही. जवळ तशी गाडी असेल तर आपण फक्त गावठी भाजी ठेवावी: तांबडी भाजी, भेंडी, दोडकी, अळू, वांगी. संध्याकाळी उरली तर अर्ध्या भावात काढावी.

एक गोष्ट वेळेची. कित्येक सोसायट्यांचे दुकान साडेनऊला उघडते, कारण ऑफिस साडेनऊला उघडते. तोवर नोकरीवाला कदंबाच्या बसमध्ये बसून पणजीला पोचलेला असतो. सकाळी पावणेसातला दूध आणि पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे-पोळ्या घेऊन दार उघडा, दुपारी एक ते चार बंद ठेवा, संध्याकाळी आठपर्यंत चालवा. दुधावर फारसे काही सुटत नाही. पण रोज घरातले एक माणूस दारात येते, आणि येते ते रिकाम्या हाताने जात नाही.

चवथ आणि पुरुमेंत

आपल्या वर्षात दोन मोठे हंगाम. दोन्हींची तयारी दोन महिने आधी.

पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. तिच्यासाठी मे महिन्यात लोक सुकी मिरची, मीठ, चिंच, सोले, कांदे, उकडे तांदूळ भरतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरोघर एक कागद फिरवा: काय, किती किलो, कधी. आगाऊ निम्मे पैसे घ्या. मागणी हातात असली की घाऊक व्यापाऱ्याशी बोलताना आवाज बदलतो. शेजारच्या तीन-चार सोसायट्यांनी कागद एकत्र केले तर बेळगावहून चोर्ला घाटाने येणारा ट्रक भरूनच मागवता येतो. अशी एकत्र खरेदी ऐकायला सोपी, करायला अवघड. ट्रक आला की चांगली पोती आधी कोणी उचलली यावरून भांडण होतेच. म्हणून माल मागवणारी संस्था एक, वाटणी करणारी दुसरी, असे आधीच लिहून ठेवा.

जूनपासून माल सांभाळायचा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. गूळ बंद पिंपात. मीठ वेगळ्या खोलीत. तांदूळ पंधरवड्याला उलटापालटा करायचा, नाहीतर सोंडे पडतात. फ्रीझर असेल तर इन्व्हर्टर हवाच. आतल्या गावांत पावसात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही.

चवथीला किराणा सगळेच विकतात. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांच्या आराशीचे, सामान मात्र शहरातल्या दुकानाला जमत नाही. कांगला, माट्टी, घागऱ्या, कवंडळे, तोरिंगण, नारळाची पेंड (घड), सुपारीचा शिपटा (घोस) – आता घरोघर रानात जाणारे हात उरले नाहीत, आणि बाजारात ऐनवेळी मिळेल त्या भावाला घ्यावे लागते. रान ओळखणाऱ्या चार-पाच घरांना आधी सांगून, ठरलेला दर देऊन, माटोळीचा पूर्ण संच नोंदणीवर द्या. पणजी-वास्कोला राहणारी आणि चवथीपुरती गावच्या घरी येणारी कुटुंबे हे आनंदाने घेतात. जेवढी नोंदणी तेवढेच तोडून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या फळांचे करणार काय?

दिवाळीचे पोहे, नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या मिठायांसाठी लागणारा रवा, नारळ आणि गूळ, गावच्या जत्रेला पाहुण्यांचा बाजार, हेही आपापल्या तारखांना आहेच. दुकानाच्या भिंतीवरचे कॅलेंडर फक्त तिथी बघायला नसावे.

काउंटरवरच्या सेवा

केंद्राने २०२३ साली प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी, म्हणजे आपल्यासारख्या सोसायट्यांसाठी, आदर्श उपविधी काढले. त्यांत पंचवीसहून अधिक व्यवसायांना वाव आहे: सामान्य सेवा केंद्र, खत-बियाणे, जन औषधी, पेट्रोल पंपसुद्धा. आपल्या संस्थेने ते स्वीकारलेत का ते आधी पाहा. नसतील तर उपविधी दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत आणावा लागेल.

यादी पाहून हुरळून जायचे कारण नाही. जन औषधी केंद्राला फार्मसी शिकलेला माणूस लागतो, त्याचा पगार लहान गावातल्या औषधविक्रीतून निघणे कठीण. माझ्या मते सुरुवात सेवा केंद्राने करावी: वीज-पाण्याचे बिल, पॅन, विमा हप्ता, अर्ज भरणे आणि आधारवर पैसे काढून देणे. शेवटचे सगळ्यात मोलाचे. गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा या राज्याच्या मदत योजनांचे पैसे बँकेत जमा होतात, बँक सात-आठ किलोमीटरवर असते आणि बस दोन तासांनी. ते पैसे सोसायटीत हातात पडले तर त्यांतले काही तिथेच खर्च होतात. प्रत्येक वेळी पावती द्या आणि रक्कम मोठ्याने मोजून द्या. म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्यावर चालणाऱ्या व्यवहारात एकदा संशय आला की दुकानाचे नाव जाते.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा लावा. सेल्समनच्या स्वतःच्या नंबरावर पैसे घेणारी दुकाने अजून आहेत. माणूस कितीही सज्जन असो, ते आजच बंद करा. रोज रात्री रोख, यूपीआय आणि उधारी यांची बेरीज बिलांच्या बेरजेशी जुळलीच पाहिजे.

कागदपत्रे, थोडक्यात

खाद्य परवाना उलाढालीप्रमाणे, आणि पापड-मसाला देणाऱ्या बचत गटाची स्वतःची नोंदणी वेगळी. काट्याची पडताळणी दरवर्षी. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, वजन, तारीख, कमाल किंमत.

जीएसटीत एक ठेच नेहमी लागते. मालासाठी ४० लाखांची मर्यादा मोजताना एकाच पॅनवरची सगळी उलाढाल धरतात, करमुक्त मालासकट. आपल्या उदाहरणातले दुकान वर्षाला ४८ लाख विकते, म्हणजे नोंदणी आलीच. दीड कोटीच्या आत असाल तर कंपोझिशन (ठोक कर) योजनेत १ टक्का भरून सुटता येते, पण मग बिलात कर लावता येत नाही आणि गोव्याबाहेर माल विकता येत नाही. मुंबईच्या नातेवाइकांना सोले पाठवायचा विचार असेल तर हे आधी करसल्लागाराशी बोला. सुटा तांदूळ-डाळ करमुक्त आहे. तोच माल आधी पाकिटात भरून लेबल लावलात की २०२२ पासून कर लागतो. म्हणून दहा किलोच्या देखण्या पिशव्या शिवायच्या आधी हिशेब करावा.

भागधारकाला दुकानात आणायचे

महिनाभर प्रत्येक बिलावर सभासद क्रमांक लिहा. मग वहीशी ताडून पाहा: तीनशेंपैकी किती जणांनी एकदा तरी काही घेतले? हा आकडा नफ्यापेक्षा महत्त्वाचा. नव्वद निघाले तर उरलेल्या दोनशे दहांकडे संचालकांनी वाडे वाटून घेऊन जायचे, भाषण द्यायला नव्हे, तर एकच प्रश्न विचारायला: “वहिनी, सोसायटीत का येत नाही?” उत्तरे टोचतील. सेल्समन मान वर करून बोलत नाही. तांदूळ जुना असतो. मागच्या चेअरमनशी भांडण आहे. मुलगा मोबाइलवरून मागवतो. यांतली निम्मी कारणे फुकटात दूर होतात.

शेअरवरचा लाभांश नगण्यच असतो. शंभराच्या शेअरवर दहा-बारा रुपये मिळाले म्हणून कोणी पिशवी घेऊन येत नाही. खरेदीच्या प्रमाणात परतावा द्या. राखीव निधी आणि कायद्याने वजा करायचे ते बाजूला काढून उरलेल्या नफ्यातून, उपविधींत तरतूद असेल तर, शंभर रुपयांच्या खरेदीमागे पन्नास पैसे जरी परत दिले, तरी वर्षाला ६०,००० ची खरेदी करणाऱ्या घराला ३०० रुपये जातात. ते खात्यात गुपचूप जमा करू नका; चवथीआधी कूपन म्हणून हातात द्या. बिगर सभासदाला भाव तोच, परतावा नाही. मग तो शेअर कसा घ्यायचा ते स्वतःहून विचारतो.

दारात एक फळा लावा आणि महिन्याच्या पाच तारखेपर्यंत त्यावर पाच आकडे लिहा: विक्री, मार्जिन, खर्च, साठा, थकबाकी. नावे नकोत, आकडे पुरेत. सुरुवातीला संचालक कुरकुरतात. दोन-तीन महिन्यांनी लोक तो फळा वाचायला थांबतात, आणि वार्षिक सभेतला तो जुना प्रश्न विचारायच्या आधी निदान आकडे तरी पाहून येतात.

सेल्समनला फक्त विक्रीवर बक्षीस देऊ नका, तो उधारीवर माल ढकलेल. मोजणीत घट ठरल्या मर्यादेत राहिली आणि साठा चाळीस दिवसांच्या आसपास राहिला, तर तिमाहीला काही रक्कम द्या.

आणि एवढे करूनही जमले नाही तर

काही गावांत जमणार नाही. घरे कुलपात, तरुण बाहेर, हमरस्त्यावर दोन मोठी दुकाने. वर्षभर ही कामे नेटाने करून मासिक तूट निम्म्यानेही घटली नसेल, तर ठेवीदारांच्या पैशाने दुकान ओढत राहणे हा अन्याय आहे. बंद करायचेच झाले तर हातात पैसा असताना करा. आधी नवी खरेदी थांबवा, माल उतरत्या भावाने काढा, डिस्ट्रिब्युटरांची देणी चुकती करा, उधारीची वसुली सुरू ठेवायला एक संचालक नेमा. रेशन आणि सेवा केंद्र वेगळे चालू राहू शकतात. त्यांना एवढी फडताळे लागत नाहीत. रिकामी होणारी जागा गावातल्याच बचत गटाला किंवा होतकरू तरुणाला भाड्याने देता येईल. सुरुवातीला बाजूला लिहून ठेवलेला भाड्याचा आकडा इथे कामी येतो. करार सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने, अकरा महिन्यांचा करा, आणि भागधारकांचे नारळ-सोले त्याने ठरल्या रीतीने विकत घेतले पाहिजेत अशी अट त्यात घाला.